ल्यूपस आणि रक्तातील चरबी

राजापेठेतील व्यापारी कुटुंबांत कोलेस्टेरॉलची तपासणी होते ती बहुधा पेढी सांभाळणाऱ्या पुरुषांची. तिशीतल्या सुनेच्या रक्तातील चरबी मोजावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तिला ल्यूपस असेल, तर मात्र ती मोजणे अगत्याचे आहे.

ल्यूपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. सांधेदुखी, उन्हाने वाढणारे चट्टे, मूत्रपिंडाची सूज ही त्याची परिचित रूपे. हृदयाकडे लक्ष उशिरा गेले. आजार जुना झाल्यावर हृदयविकार जीव घेतो, हे टोरोंटोच्या डॉ. मरे उरोविट्झ यांनी १९७६ साली दाखविले. १९९७ च्या पिट्सबर्ग येथील अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्यूपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्क स्त्रियांच्या पन्नास पटींहून अधिक आढळला.

याचा दोष केवळ तुपाला देता येत नाही. दाहामुळे ट्रायग्लिसराइड वाढते, ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटते. आणि उरते त्याचाही गुण पालटून ते रक्तवाहिनीचे रक्षण करण्याऐवजी दाहाला साथ देऊ लागते. पहारेकरीच फितूर व्हावा, तसे हे आहे. लंडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले की, रुग्णांच्या टी-पेशींच्या आवरणात विशिष्ट स्निग्ध द्रव्ये वाजवीपेक्षा जास्त असतात. ती प्रयोगशाळेत पूर्वपदावर आणताच पेशींचे वर्तनही सुधारले. स्टेरॉइडने चरबी वाढते, तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने ती काहीशी उतरते.

‘नैसर्गिक’ उपायांविषयीही सावध असावे. कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी अल्फाल्फा, म्हणजे आपली लसूणघास, तपासली जात होती. १९८२ मध्ये तिचे मोड खाणाऱ्या माकडांतच ल्यूपससारखा आजार दिसला. तिच्या गोळ्या आजही विकल्या जातात.

आता तपश्चर्येचा प्रश्न. आयंबिलात तेल, तूप, दूध नसते. पण दाहातून बिघडलेली चरबी तेवढ्याने सुधारत नाही. खरा धोका असतो तो पर्युषणातील उपवासात गोळ्याही सुटतात तेव्हा. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. पच्चक्खाणात सर्वसमाधीचा आगार आहे तो अशाच प्रसंगासाठी. प्रकृतीच्या समाधीकरिता औषध घेतल्याने व्रतभंग होत नाही. गुरुमहाराजांना विचारावे आणि अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांनाही. अशा स्त्रीच्या छातीत दुखू लागल्यास ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी थांबू नये. त्याच वेळी ईसीजी काढून घ्यावा.