मनमाड : गँग, पोर्टर आणि फिटर

कामगारांचे गाव म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गिरणगाव उभे राहते. भोंगा, चाळ, खानावळ, लाल बावटा. ह्या चित्रात मनमाड कुठेच नसते. मनमाड म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण. प्रवासी उतरतो, चहा पितो, शिर्डीची किंवा औरंगाबादची चौकशी करतो आणि निघून जातो. गाव त्याला दिसत नाही, आणि गावात कोण काय काम करते हे तर त्याहून दिसत नाही. मी त्या गावचा. आजा गँगमध्ये, वडील गँगमध्ये, आणि मी महाविद्यालयात शिकवतो. म्हणून हे थोडे आतून सांगतो आहे.

मनमाड मोठे झाले ते तीन गोष्टींमुळे. १८७८ मध्ये दौंडकडे जाणारा फाटा निघाला. १९०० च्या सुमारास निझामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज गाडी येथे येऊन टेकली. आणि १९०६ मध्ये पुलांचे गर्डर तयार करणारा रेल्वेचा कारखाना सुरू झाला. यांपैकी मीटरगेजचा भाग नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो. मोठ्या लाइनीच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, निझामच्या लाइनीचे १०००. एका लाइनीचा डबा दुसरीवर चालणे शक्य नाही. म्हणजे मराठवाड्यातून आलेले प्रत्येक पोते मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायचे, आणि तेही माणसाच्या पाठीवरून. इंजिनिअर लोकांना ही मोठी गैरसोय वाटे. पण ह्या गैरसोयीवर कित्येक हमालांच्या चुली पेटत होत्या. १९९० च्या दशकात लाइन रुंद झाली आणि ते काम संपले. देशाचा फायदा झाला ह्यात शंका नाही. हमालांचे पुढे काय झाले हे कुणी विचारले नाही. काही जण अन्न महामंडळाच्या गोदामांकडे वळले. पंजाबातून धान्याच्या मालगाड्या येतात, त्या रिकाम्या करायच्या. आज पोते पन्नास किलोचे आहे. पूर्वी शंभरच्या आसपासचे असे.

आता कारखाना. गर्डरचे काम म्हणजे लोखंडी पत्रे कापणे, भोके पाडणे, रिव्हेट मारणे. एकाने भट्टीत रिव्हेट लालबुंद करायचा, दुसऱ्याने तो सांडशीत धरून भोकात घालायचा, तिसऱ्याने मागून टेकण लावायचे, चौथ्याने वरून ठोकायचा. ह्या ठोकणीने कान जातात. गावात मोठ्याने बोलणारा म्हातारा भेटला की तो कारखान्यातला, असे आम्ही मुले समजत असू, आणि बहुधा ते खरेच निघे. पण कारखान्यात सावली होती, भोंगा वाजला की सुट्टी होती, आणि मुख्य म्हणजे शिडी होती : खलाशी, हेल्पर, फिटर, मिस्त्री, चार्जमन, फोरमन. हातातले कसब वाढले तर माणूस वर जाई.

गँगमध्ये तसे नव्हते. गँगमन म्हणजे रुळांची निगा राखणारा मजूर. आता त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, पण उन्हात उभे राहायचे ते राहायचेच. गाड्या धावून धावून स्लीपरखालची खडी बसते, रूळ एका अंगाला झुकतो. मग बीटरने खडी ठोकून ती पुन्हा स्लीपरखाली दाबायची. पहारींनी रूळ ओढून रेषेत आणायचा. आजचा रूळ मीटरला साठ किलो. तेरा मीटरचा एक तुकडा म्हणजे पावणेआठशे किलोंच्या घरात. तो सगळ्यांनी एका सुरात उचलावा लागतो, म्हणून मुकादम आरोळी देतो. गँगचे आरोळीशिवाय चालत नाही. आता यंत्रे आली आहेत, तरी सगळीकडे यंत्र पोहोचत नाही.

गँगमध्येच कीमन असतो, म्हणजे चावीवाला. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी निशाणे आणि फटाके घेऊन तो रोज आपल्या वाट्याची लाइन पायी तपासतो. सैल चावी ठोकतो, तडा गेलेला रूळ हुडकतो. फटाके दिवाळीचे नव्हेत. रूळ तुटलेला दिसला तर पुढे धावत जाऊन ते रुळावर ठेवायचे. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. हजारो प्रवाशांचा जीव ह्या माणसाच्या डोळ्यांवर सोपवलेला असतो. असे असूनही तो अकुशल कामगार गणला गेला. रूळ किती वाकला हे नुसत्या नजरेने सांगणारी माणसे मी घरात पाहिली आहेत. कौशल्य कशाला म्हणायचे हे ठरवणारा माणूस बहुधा रुळावर उतरलेला नसतो.

आणि रुळावर आणखी एक गोष्ट असे, जी सभ्य लेखनात येत नाही. डब्यांतले संडास थेट लाइनीवर मोकळे होत. गँगमनचे हात त्याच खडीत. आता डब्यांना जैव-शौचालये बसली, हे चांगले झाले. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या व्याख्येत रेल्वेमार्गाचाही उल्लेख केला. तोपर्यंत हे काम म्हणजे घाणकाम आहे, हेसुद्धा कागदावर नव्हते.

ह्या गँगमध्ये आपलेच लोक जास्त का? उत्तर मनमाडलाच दिले गेले आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला जी.आय.पी. रेल्वेतील दलित वर्गाच्या कामगारांची परिषद येथे भरली. बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले ते ह्याच परिषदेत. हे वाक्य सर्वांना पाठ आहे. त्याच्या आधारासाठी त्यांनी जो कामाचा तपशील मांडला, तो मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतो, आणि माझ्या मते भाषणाचा जीव त्या तपशिलात आहे. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य संपवतो, असे ते म्हणाले. त्याला पोर्टर का होता येत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावे लागते. मास्तर सवर्ण, त्याच्या घरात अस्पृश्य कसा चालेल? कारखान्यात तो हमाली करील, पण मेकॅनिक होणार नाही, फोरमन तर नाहीच. कापड गिरणीतही विणकाम खाते त्याला बंद, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे.

हे नीट समजून घेतले पाहिजे. येथे भांडवलदाराने अस्पृश्याला अडवलेले नाही. मालकाला धागा कुणीही ओढला तरी चालला असता. अडवणारा शेजारच्या मागावरचा कामगार होता. ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती सर्व वर्गांत आहे, असे बाबासाहेबांनी तेथेच स्पष्ट केले ते ह्यासाठी. दलितांची वेगळी परिषद म्हणजे कामगारांत फूट, असा आरोप तेव्हाही झाला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला, आणि त्यात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. फूट पाडणाऱ्या माणसाचे हे काम नव्हे.

पुढे शिडी थोडी उघडली. १९४३ मध्ये, बाबासाहेब मजूरमंत्री असताना, केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. बढतीतले आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये रंगाचारी खटल्यात मान्य केले, तो खटलाही रेल्वेचाच. आमच्या कॉलनीत फिटर, क्लार्क, गार्ड झालेली बौद्ध माणसे मी पाहिली. त्यांच्या दारात वर्तमानपत्र येई, मुले शाळेत नियमित जात, आणि जयंतीच्या वर्गणीत त्यांचा आकडा वहीत सर्वांत वर असे. माझ्यासारख्याने बी.ए. करावे हे घरात कुणाला सुचलेच असेल तर ते त्यांच्याकडे पाहून. शिकणे ही त्या गावात कल्पना नव्हती, समोरच्या क्वार्टरमध्ये राहणारी वस्तू होती.

गाव मात्र तक्रारखोर नाही. वेळ सांगताना तास सांगत नाही, गाडी सांगतो : पंचवटी गेल्यावर ये. गुरुद्वारातल्या लंगरला सर्व जातिधर्मांची पोरे बसतात. माझ्या लहानपणी नळाला कित्येक दिवसांनी पाणी येई. त्या दिवशी आया कामाला जात नसत. पाण्याच्या रांगेत भांडण होई, पण मयतीला सगळी लाइन जमे. पाण्याचे पिंप आणि मयत ह्या दोन गोष्टींवरून मनमाडचा स्वभाव कळतो, असे मला वाटते.

आता जरा आजचे. घरकामाच्या दारातून नोकरी ही १९३८ ची गोष्ट संपली असे कुणी समजू नये. अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर काम करता करता रेल्वेत कायम होणाऱ्या ‘बंगला खलाशां’च्या नव्या नेमणुका थांबल्या त्या २०२० मध्ये. २०१९ मध्ये रेल्वेने सर्वांत खालच्या श्रेणीच्या एक लाखाहून थोड्या अधिक जागा काढल्या. अर्ज आले एक कोटीवर. पदवीधर, अगदी इंजिनिअर पोरेसुद्धा गँगसाठी रांगेत आली. गँगची जात बदलते आहे, पण काम प्रतिष्ठेचे झाले म्हणून नव्हे, वरच्या पायऱ्या कमी झाल्या म्हणून.

माझ्या वडिलांनी रोजंदारीवर सुरुवात केली. तेव्हा १२० दिवस सलग भरले की तात्पुरता दर्जा मिळे. त्यांच्या वहीत दिवसांच्या रेघा आहेत, पाच-पाचचे जुडगे. मी स्वतः काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आणि तासांच्या रेघा मारल्या. फरक इतकाच की त्यांच्या रेघांना शेवट होता.

आज फलाट झाडणारी, डबे धुणारी बाई ठेकेदाराची असते. ठेका बदलला की ठेकेदार बदलतो. बाई कधी तीच राहते, पण तिची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होते. ठेक्याच्या कामाला आरक्षण नाही, त्यामुळे जातीचा दाखला आणायला तिला कुणी सांगत नाही. ती कोणत्या वस्तीतून येते हे मात्र मनमाडमध्ये सर्वांना माहीत असते. रेल्वेत अनुसूचित जातींचे प्रमाण किती हे सांगणारे तक्ते दरवर्षी भरले जातात. त्या तक्त्यांत तिच्यासाठी रकाना नाही.