काचेला तडा गेलाय? 'चालतंय की' म्हणू नका

कृषी खात्याचा माणूस आज गाडीच्या काचेवर का लिहितोय, असे तुम्हाला वाटेल. पण टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या पिकअप गाड्या एकदा निरखून पाहा. समोरच्या काचेवर कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखा तारा उमटलेला असतो, कुठे या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ गेलेली असते. चालकाला विचारले, तर उत्तर ठरलेले. "चालतंय की! हंगाम संपला की बघू." हे 'बघू'च महागात पडते.

माल पिकवायला चार महिने राबायचे आणि तो रातोरात कसारा घाटातून वाशीला न्यायचा फुटक्या काचेतून बघत, हा कुठला हिशेब? दिवसा तडा नजरेला सवयीचा होतो. रात्री मात्र समोरच्या ट्रकचा उजेड त्या तड्यावर पडला की फाकतो आणि क्षणभर पुढचे काहीच दिसत नाही. नेमकी त्याच वेळी पुढे बिनदिव्याची ट्रॉली उभी असली तर? माल तर जाईलच, पण गाडीत आपला पोरगा बसलेला असतो.

तडा वाढतो कसा?

समोरची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक पडदा दाबून बसवलेला असतो. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात. दगड लागला तरी ती चुरा होऊन अंगावर येत नाही, तुकडे पडद्याला धरून राहतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमाने समोरची काच याच प्रकारची असणे बंधनकारक केले आहे.

खडीच्या डंपरमागून जाताना खडा उडतो आणि बहुधा बाहेरची काच टवका उडून तारकते. मग खड्ड्यांचे हादरे, दुपारचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांनी तडा पुढे सरकतो. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली मारली, तर बोटभर तडा बघता बघता हातभर होतो. शिवाय फटीत धूळ आणि पाणी शिरले की नंतर ती नीट भरता येत नाही. म्हणून टवका उडाल्याबरोबर वरून स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावावी. ही दुरुस्ती नव्हे, गॅरेजपर्यंतची सोय आहे.

भरायची की बदलायची?

किडीच्या बाबतीत आपण आर्थिक नुकसानीची पातळी बघतो. पातळीच्या आत आहे तोवर उपाय स्वस्तात होतो, ओलांडली की खर्च वाढतो. काचेचेही तसेच आहे. डाग रुपयाच्या नाण्याएवढा, फक्त बाहेरच्या काचेला आणि चालकाच्या नजरेसमोर नसलेला असेल, तर कारागीर त्यात रेझिन भरून विशेष दिव्याखाली ते घट्ट करतो. तडा लांब गेला, काचेच्या कडेला भिडला, आतल्या काचेलाही गेला किंवा चालकाच्या डोळ्यांसमोर आला, तर काच बदलण्याला पर्याय नाही.

बसवताना काय पाहावे?

बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो, तशी काचेच्या कोपऱ्यातली छाप वाचावी. आयएसआय चिन्ह आणि लॅमिनेटेड असल्याची खूण पाहावी. काच नेमक्या आपल्याच मॉडेलची असावी.

जुन्या जीप आणि काही मालवाहू गाड्यांत काच रबरात बसवलेली असते. कारागीर रबराच्या खाचेत दोरी भरतो आणि आतून दोरी ओढत काच चौकटीत बसवतो. रबर कडक किंवा चिरलेले असेल, तर तेही त्याच वेळी बदलावे. नाही तर पहिल्याच पावसात पाणी आत येते आणि चौकट गंजते.

नव्या गाड्यांत काच पॉलियुरेथेन या चिकटद्रव्याने थेट सांगाड्याला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर टपाला आधार देण्यात या काचेचा वाटा असतो, आणि अनेक गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना हिच्यावरच टेकते. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातली सिलिकॉनची ट्यूब इथे चालत नाही. चौकटीवरचा गंज काढला का, प्रायमर लावला का, हे समोर उभे राहून पाहावे. गाडी किती वेळाने हलवायची, ते चिकटद्रव्याप्रमाणे ठरते. कारागिराला विचारावे आणि तेवढा वेळ थांबावे. भाव पडेल म्हणून घाई करू नये. पहिला दिवसभर एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण बंद गाडीचे दार आपटले की आतल्या हवेचा दाब ओल्या जोडावर येतो. एक-दोन दिवस प्रेशरच्या पाण्याने गाडी धुऊ नये.

विमा काढलाय ना?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वंकष विमा असेल, तर मिळतात आणि प्रचलित पॉलिसीत काचेच्या भागावर घसाराही कापत नाहीत. मात्र मालकाने सोसायची ठरावीक रक्कम वजा होते. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जाऊ शकतो, आणि तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. म्हणून आधी हिशेब मांडावा. कधी कधी काचेच्या खर्चापेक्षा जाणारी सवलत मोठी असते. दावा करायचाच असेल, तर काच काढण्यापूर्वी फोटो काढून कंपनीला कळवावे. आधी बदलली आणि मग कळवले, तर वाद होतो.

माल भरण्यापूर्वी तुम्ही टायरची हवा बघता, तेलपाणी बघता. तेव्हाच समोरच्या काचेवरून ओले फडके फिरवा आणि मग नख फिरवून पाहा. नख कुठे अडकले, तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठा. नाण्याएवढ्या डागाचा खर्च एखाद्या खेपेतून निघतो, पुढे पूर्ण काचेचा खर्च काढायला कितीतरी खेपा कराव्या लागतात.