डबा जुना, डिस्क नवी!

जुन्या पीसीची हार्ड डिस्क बदलणं म्हणजे चार स्क्रू आणि दोन वायरींचा मामला. वीकेंडला घरबसल्या जमेल असा! पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधायलाच हवं...

शनिवारची रात्र. डोंबिवलीहून आईचा फोन.

'अरे, बाबांचा कॉम्प्युटर आतून टकटक करतोय. पाल-बिल शिरली असेल का रे?'

'आई, आत्ताच्या आत्ता बंद कर तो. भिंतीवरचं बटणसुद्धा.'

'अरे पण माझा पत्त्यांचा डाव अर्धाच राहिलाय...'

'आई, बंद!'

पाल आत नव्हती, ती माझ्या मनात चुकचुकली होती. बाबांनी हा पीसी २००९ साली, रिटायर झाल्या झाल्या घेतला. एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले आणि मग कोकणातल्या गावी चकरा मारून, कुठल्या कुठल्या नातेवाइकांना फोन करून त्यांनी आमच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली. सात पिढ्या! २०१७ मध्ये बाबा गेले. पीसी तिथेच राहिला, आईने विणलेल्या क्रोशाच्या कव्हरखाली. आणि ती वंशावळ? ती फक्त त्या एका डिस्कवर. दुसरी कॉपी कुठेही नाही. मी, आयटीत नोकरी करणारा, ऑफिसात क्लाएंटला बॅकअपवर लेक्चर झोडणारा, घरी मात्र ठणठण गोपाळ!

सी गेला, डी वाचला?

रविवारी सकाळी सीपीयू (आपण अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो ना, तोच) रिक्षात घालून स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने ऐकूनही न घेता निकाल दिला, 'एक तासात देतो साहेब. नवीन डिस्क टाकू, फॉरमॅट मारू, विंडोज टाकू. डेटा सीला असेल तर गेला, डीला असेल तर सेफ.'

मी डबा उचलला आणि त्याच रिक्षाने परत आलो.

कारण हा 'डी ड्राइव्ह सेफ असतो'वाला फंडा आपल्याकडे घराघरात पसरलाय आणि तो अर्धाच खरा आहे. विंडोज बिघडलं, व्हायरस आला, नुसता सी फॉरमॅट केला, तर डी वाचतो, हे बरोबर. पण बहुतेक घरगुती पीसीमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. मधली भिंत फक्त सॉफ्टवेअरची. घरच कोसळलं तर हॉल काय आणि बेडरूम काय! सीवरून डीला कॉपी करून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, ती नुसती आवराआवर.

ही टकटक कसली?

जुन्या डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला साधारण ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात. त्यांच्यावरून वाचणारा 'हेड' तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जातो. या हेडला आपली जागा सापडेनाशी झाली की तो मूळ ठिकाणी परत येतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा परत येतो. टक... टक... टक. यातल्या प्रत्येक प्रयत्नात तबकडीवर ओरखडा उठण्याची भीती. म्हणून टकटक ऐकू आली की पहिलं काम एकच, पॉवर बंद. 'रीस्टार्ट करून बघू', 'अजून एकदा बघू' हे टाळायचं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला तर हात जोडून नमस्कार करा. आणि डिस्कचं झाकण तर घरी मुळीच उघडू नका. धुळीचा एक कण त्या नॅनोमीटरच्या फटीपुढे डोंगराएवढा असतो.

सगळ्याच डिस्क अशा दार ठोठावून जात नाहीत. काही नुसत्या मंदावतात. फोल्डर उघडायला युगं लागतात, कॉपी मध्येच अडकते, पीसी अचानक निळा पडतो. अशा वेळी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती नोंद हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. 'रीअॅलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर्स' यांच्यापुढे शून्याऐवजी आकडा दिसला आणि तो वाढत चालला, तर समजा, डिस्कने नोटीस पिरियड सुरू केलाय!

आधी सुटका, मग शस्त्रक्रिया

आता तो सुरुवातीचा प्रश्न. या डिस्कवरचं काय काय पुन्हा कधीच मिळणार नाही? सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर सगळं परत मिळतं. आजीचा फोटो मिळत नाही. यादी कागदावर लिहा आणि त्याच क्रमाने कॉपी करा. माझी यादी चार ओळींची होती. वंशावळ, फोटो, आईच्या पाककृती आणि मग बाकी सगळं.

जुनी डिस्क बाहेर काढून यूएसबी अॅडॉप्टरने लॅपटॉपला जोडायची. इथे एक मेख आहे. लॅपटॉपची छोटी डिस्क नुसत्या यूएसबीवर चालते, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. त्यामुळे स्वतःचा पॉवर अॅडॉप्टर असलेलाच यूएसबी अॅडॉप्टर घ्या. नाहीतर डिस्क फिरणारच नाही आणि तुम्ही उगाच तिचं श्राद्ध घालून मोकळे व्हाल.

माझं नशीब थोर, ही डिस्क अधूनमधूनच टकटकत होती. वंशावळीची फाइल पहिल्याच मिनिटाला लॅपटॉपवर आली आणि मी रोखून धरलेला श्वास सोडला. बाकीच्यासाठी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' रात्रभर चालवलं. हे गुणी सॉफ्टवेअर आधी धडधाकट भाग पटापट उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. सगळं नाही वाचलं. २०१३ मधल्या मावसबहिणीच्या लग्नाचे काही फोटो वरून अर्धे ठीक आणि खाली करडे पट्टे. नवरा-नवरीचे फेटे-मुंडावळ्या दिसतात, चेहरे नाहीत!

तुमची डिस्क जोडल्या जोडल्या एकसारखी टकटकत असेल, किंवा कॉम्प्युटरला दिसतच नसेल, तर मात्र घरगुती प्रयोग तिथेच थांबवा. आतला डेटा खरंच मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीची लॅब गाठा. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होऊ शकतो, म्हणून अंदाज आधी लेखी घ्या. तुम्ही डिस्क जितकी कमी छेडलेली असेल तितकी त्यांना संधी जास्त.

नवी कोणती घ्यायची?

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना तपकीर गल्ली सांगायला नको. पण जाण्याआधी घरी डबा उघडून बघा. डिस्कला बोटभर रुंद, पातळ वायर आहे का? मग ती 'साटा', झकास! रुंद, चपटी, चाळीस पिनांची पट्टी आहे? मग ती जुनी 'आयडीई'. असा पीसी आता २० वर्षांच्या आसपासचा असणार. त्यातला डेटा काढून घ्या आणि त्याच्यावर आणखी पैसे घालू नका, हा प्रेमाचा सल्ला.

साटावाल्यांनी सरळ २.५ इंची साटा एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून हेड जागेवर पोचायची वाट बघावी लागत नाही. जुन्या मदरबोर्डवर तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी रोजच्या कामात फरक डोळ्यांत भरतो. दुकानात 'एम डॉट टू' नावाची च्युइंगगमच्या पाकिटासारखी डिस्क दाखवतील. जुन्या बोर्डांवर तिला सहसा जागाच नसते. ती नको. साडेतीन इंची कप्प्यात २.५ इंची एसएसडी बसवायला एक ब्रॅकेट मात्र आठवणीने घ्या.

आणि हो, ५०० जीबीची आणली आणि विंडोजमध्ये ४६५च दिसली, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १,०२४ च्या. माल तेवढाच आहे!

चार स्क्रू, दोन वायरी

आता मुख्य कार्यक्रम. पीसी बंद, भिंतीवरचा स्विच बंद, प्लग बाहेर. मग पीसीचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलीसुरली वीज निघून जाते. डब्याच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीजही उतरते. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. धुळीचं साम्राज्य बघून दचकू नका.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी स्टेप. मोबाइलवर आतल्या वायरींचे फोटो काढा. मग डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल हळूच ओढा, दोन्ही बाजूंचे मिळून चार स्क्रू काढा आणि डिस्क बाहेर सरकवा. नवी डिस्क ब्रॅकेटमध्ये बसवा. तिचे स्क्रू जुन्या डिस्कपेक्षा बारीक असतात, जुने तिच्यात दामटू नका. साटाचा सॉकेट इंग्रजी 'एल'सारखा असतो, तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर जोर नको, केबल उलटी करा. जाता जाता मदरबोर्डवरचा 'सीआर २०३२' हा बटणसेलही बदला. पीसीचं घड्याळ दरवेळी मागे जात असेल तर गुन्हेगार बहुधा तोच.

जुनी डिस्क धडधाकट असेल तर 'क्लोनझिला'ने तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवता येते, फक्त नवी डिस्क निदान तेवढीच मोठी हवी. डिस्क आजारी असेल तर क्लोनच्या भानगडीत न पडता नव्याने इन्स्टॉल करा. आता टाकायचं काय? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. आईच्या पीसीवर मी लिनक्स मिंट टाकलं. 'पत्ते आहेत ना त्यात?' एवढंच तिने विचारलं.

आणि फाइल उघडली...

नवा पीसी, म्हणजे जुनाच डबा, पटकन सुरू झाला. आई खूश. मी ऐटीत वंशावळीची फाइल उघडली आणि समोर काय? इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टोप्या घातलेली विचित्र चिन्हं! सात पिढ्यांची नुसती भेळ!

घाबरू नका, मीही आधी घाबरलो होतो. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी टाइप करायचो ते श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टमध्ये. या फाइलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच. भलतीच चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. म्हणून जुन्या डिस्कवरचा विंडोजमधला 'फॉन्ट्स' फोल्डरही कॉपी करायचा, हे कोणी सांगत नाही! मी तो उचलला होता, तोही सगळा डेटा उचलण्याच्या नादात. फॉन्ट इन्स्टॉल केला, फाइल पुन्हा उघडली आणि पहिल्या पानावर मूळ पुरुषाचं नाव उमटलं. खाली बाबांनी टाइप केलं होतं, 'चूकभूल द्यावी घ्यावी.' आई बराच वेळ काही बोलली नाही.

त्या रात्री फाइलची पीडीएफ केली, नंतर कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि आईबरोबर बसून एकेक नाव तपासलं. कन्व्हर्टर जोडाक्षरांत घोळ घालतोच.

फंडा क्लिअर!

• तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउड किंवा भावाच्या घरची डिस्क, काहीही चालेल.

• सीवरचा 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' विसरू नका. टॅली किंवा आउटलुक वापरत असाल तर त्यांचा डेटा कुठे साठतो ते आधी शोधा.

• कॉपी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, फाइली उघडून बघा.

• जुनी डिस्क लगेच भंगारात नको. काही महिने कपाटात ठेवा, विसरलेली एखादी फाइल हमखास आठवते. नंतर डेटा पुसून ती ई-कचऱ्यात द्या.

• एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. आठवणींची तिजोरी म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आणि शेवटचं. जुन्या डिस्कने निदान टकटक करून आईला उठवलं, आईने मला उठवलं. नवी एसएसडी एकदम शांत आहे. जायची वेळ आली की ती बहुधा तशीच शांतपणे जाईल, दार न वाजवता. तेव्हा आवाजाची वाट बघू नका. घरच्या जुन्या पीसीवर काय काय आहे, या रविवारी आईला फोन करून विचारा.