टीडीएस 80, तरी पाणी धोक्याचं? 'जड पाणी' आणि 'दूषित पाणी' यातला फरक

नळाच्या तोटीवर पांढरा थर, शॉवरची निम्मी छिद्रं बुजलेली, शाम्पूला फेस नाही आणि कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ अख्खीच. पुण्याच्या वाघोली, उंड्री, पिसोळी या भागांत बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये हे नेहमीचंच. मग फिल्टरवाला येतो, ग्लासात पेनाएवढा मीटर बुडवतो आणि आकडा दाखवतो: 700. घरात घबराट पसरते आणि आरओची ऑर्डर जाते.

पण हा आकडा नेमकं काय सांगतो?

आधी पाणी जड का होतं ते पाहू. पुण्याखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे. जमिनीत मुरलेलं पाणी त्याच्या भेगांतून दीर्घकाळ फिरतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. खडकवासला साखळीतल्या धरणांत मात्र सह्याद्रीवर पडलेला पाऊस थेट साठतो, खडकाशी त्याचा संबंध कमी येतो. म्हणून एकाच शहरात पेठेतल्या नळाला मऊ पाणी आणि वाघोलीच्या बोअरला जड. शाळेच्या पुस्तकात यालाच 'दुष्फेन' पाणी म्हणायचे. फेन म्हणजे फेस. साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो, त्यामुळे फेस होत नाही. डाळीचंही तसंच, कॅल्शियममुळे तिचं साल आणि दाणा मऊ पडायला वेळ लागतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000 आहेत. म्हणजे 700 टीडीएस हे चांगलं पाणी नाही, पण विषही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. केस राठ होतात, गिझरच्या कॉइलवर थर बसून वीज जास्त जाते, हे खरं. जड पाण्याने मुतखडा होतोच, असं मात्र ठामपणे सांगता येत नाही.

आता मीटरकडे वळू. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. क्षार कॅल्शियमचे की साध्या मिठाचे, हेही त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. सांडपाणी मिसळलेल्या धरणाच्या पाण्याचा टीडीएसही कमी दिसू शकतो.

याचा अर्थ जानेवारी 2025 मध्ये पुण्याला कळला. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. हा पट्टा काही जड पाण्यासाठी ओळखला जात नाही, धरण तर शेजारीच आहे. गंमत म्हणजे महापालिकेने तेव्हा ज्यांच्यावर कारवाई केली, त्यांत जार भरून देणारे खासगी आरओ प्रकल्पही होते.

मग आरओ घ्यायचा की नाही? नीट देखभाल असलेला आरओ क्षारांसोबत जंतूही अडवतो. पण टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे त्याची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी घालायला सरकारला सांगितलं होतं, कारण एक लिटरसाठी कित्येकदा दोन-तीन लिटर पाणी गटारात जातं. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत तर हा हिशेब फारच महाग पडतो. आंघोळ आणि कपड्यांसाठी सोसायटीच्या टाकीला सॉफ्टनर बसवता येतो. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, त्यामुळे फेस येतो, पण मीटरवरचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. कंपनीने फसवलं असं समजू नका.

सुरक्षिततेसाठी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का? मानकानुसार ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. ग्रामपंचायतीत ज्याला 'ओटी टेस्ट' म्हणतात ती हीच, थेंब टाकून रंग बघायचा. टँकरचं पाणी टाकीत पडल्यावर ही चाचणी करायला सोसायटीच्या सचिवाला दोन मिनिटं लागतात. रंग आला नाही, तर पिण्याचं पाणी खळखळ उकळून किमान एक मिनिट तसंच ठेवायचं. उकळल्याने थोडा जडपणाही खाली बसतो, पातेल्यातली पांढरी पूड तीच.

क्लोरीन असूनही शंका असेल, तर जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतच होते. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. त्यासाठी नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो, घरातली धुतलेली कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही.