महामार्गाच्या कडेचा दोर किती भरवशाचा?

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार हे मंगरूळपीर तालुक्यातील जुने बाजारगाव. कारंजाहून मालेगाव-मेहकरकडे जाणारा रस्ता आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे येणारा रस्ता या गावात एकमेकांना भेटतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि त्यावर चढण्या-उतरण्याची वाट शेलूबाजारजवळच मिळाली. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत सलग झाला आहे. व्यापारी कुटुंबांच्या जीवनात त्याने केवढा फरक पडला, हे वेगळे सांगावयास नको. मालाची ने-आण, लग्नकार्ये, मुलांची शिक्षणे, वडीलधाऱ्यांचे औषधोपचार, सारे या रस्त्याच्या आधाराने होऊ लागले आहे.

म्हणजे शेलूबाजारला आज दोन जातींचे रस्ते आहेत. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना तेथे प्रवेश नाही. गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवर मात्र ट्रक आणि एस. टी. यांच्या जोडीने मोटारसायकली, ट्रॅक्टर, बैलगाड्या, शाळेची मुले आणि पायी चालणारे सारेच असतात. कोठेही मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मागणी होते, कठडे बसवा. मागणी रास्तच असते. परंतु कोणत्या रस्त्यावर कोणता कठडा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तारेच्या दोरांचे कठडे, ज्यांना वायर रोप बॅरिअर म्हणतात, त्यांच्याविषयी तर हा प्रश्न अगत्याने विचारला पाहिजे.

या कठड्याची रचना साधी आहे. ठरावीक अंतरावर बारीक पोलादी खांब आणि त्यांच्यातून ताणून नेलेले तीन किंवा चार पोलादी दोर. एकेक दोर सुमारे १९ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे हाताच्या अंगठ्याएवढा. वाहन आदळले की खांब मुद्दामच वाकतात किंवा उपटले जातात; दोर मात्र तुटत नाहीत, ते वाहनाला धरून ठेवतात, दोन मीटर किंवा त्याहूनही अधिक मागे सरकतात आणि वेग हळूहळू शोषून घेतात. काँक्रीटची भिंत जागची हलत नाही; तिचा सारा प्रतिघात आतल्या माणसांच्या छातीवर आणि मानेवर येतो. पन्हळी पत्र्याचा कठडा मधल्या प्रतीचा. या तिघांत दोर हा सर्वांत मऊ. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या मोटारीत ताशी ६० किलोमीटरच्या चौपट गतिज ऊर्जा असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मऊपणाचे मोल कळते. विशेषतः सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागून गाडी तिरकी सरकत जाते, तेव्हा असा दोर तिला सावरून धरू शकतो.

महाराष्ट्राला या दोराची ओळख मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने करून दिली. २३ डिसेंबर २०१२ रोजी उर्से टोलनाक्याजवळ एक टेम्पो दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळला. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे मराठी रसिकांचे लाडके अभिनेते त्यात गेले. पेंडसे यांचा दोन वर्षांचा मुलगाही गेला. आपल्या बाजूने नीट चाललेल्या गाडीवर पलीकडून मृत्यू चालून यावा, याने अवघे राज्य हळहळले. त्या मार्गाच्या दुभाजकात पुढे बसविलेले ‘ब्रायफेन’ दोर आपल्यापैकी अनेकांनी प्रवासात पाहिले असतील. परदेशी अनुभव याहून जुना आहे. स्वीडनने १९९८ साली आपल्या अरुंद तीन-मार्गिकांच्या रस्त्यांच्या मध्यभागी असे दोर ताणावयास प्रारंभ केला. समोरासमोरच्या धडका जवळजवळ थांबल्या आणि अशा रस्त्यांवरील मृत्यूंत तीन-चतुर्थांशांच्या आसपास घट झाल्याचे तेथील संशोधकांनी नोंदविले.

इतके असूनही आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप वजनाचा. युरोपीय मानकात नेहमीच्या पातळीच्या कठड्याची कसोटी १५०० किलोच्या मोटारीने, ताशी ११० किलोमीटर वेगाने आणि २० अंशांच्या कोनात घेतली जाते. त्यावरील पातळीत १० टनांचा ट्रक, त्याहून वर १३ टनांची बस, आणि तीही ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने. आपला सोयाबीन किंवा तूर भरलेला दहाचाकी ट्रक नियमाने भरला तरी २८ टनांपर्यंत जातो. नियमाबाहेर भरला तर किती, हे भरणाऱ्यालाच ठाऊक. असा ट्रक दोरांनी हमखास अडेल, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे सुतळीने बैल बांधणे होय. पुलांवर, खोल भरावांवर आणि जेथे दोराला मागे सरकावयास जागाच नाही तेथे अधिक बळकट कठडा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१५ साली सुरक्षा कठड्यांसाठी ‘आयआरसी ११९’ ही मार्गदर्शिका काढली आहे. तेव्हा ठेकेदाराला स्वस्त पडते म्हणून अमुक कठडा, असे म्हणावयास आता जागा राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप निगराणीचा, आणि माझ्या मते आपल्या देशात तोच सर्वांत गंभीर. दोराचे सारे बळ त्याच्या ताणात आहे. उन्हाने पोलाद प्रसरण पावते आणि ताण उतरतो. म्हणून तापमान पाहून ताण मोजावा लागतो. वाशीम-अकोल्याचा वैशाख ज्यांनी सोसला आहे त्यांना हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही. शिवाय एकदा धडक झाली की तेवढ्या टप्प्यातले खांब गेलेले असतात. नवे खांब बसविणे अवघड नसते, दोरही बहुधा बदलावा लागत नाही. पण ते काम होईपर्यंत तो टप्पा उघडाच. लोंबकळणारा दोर पाहून प्रवाशाला वाटते कठडा आहे, आणि वस्तुतः तेथे काहीच नसते. काँक्रीटची भिंत दुर्लक्ष पुष्कळ सोसते. दोर सोसत नाही. खांब आणि दोर भंगारात विकले जाऊ शकतात, हेही आपल्या धातू व्यापाऱ्यांना माहीत आहे. चोरीचा माल घेणे हा अचौर्याणुव्रताचा ‘तदाहृतादान’ नावाचा अतिचार आहे. येथे तर त्याला कोणाच्या तरी प्राणाचीही किंमत लागते.

तिसरा आक्षेप दुचाकीस्वारांचा. घसरलेला स्वार दोरावर गेला तर तो कापला जातो, असे जगभरच्या मोटारसायकल संघटनांचे म्हणणे आहे. नॉर्वेने तर याच आक्षेपामुळे नवे दोर लावणे थांबविले. अभ्यासक मात्र सांगतात की जीवघेणी इजा बहुधा खांबांनी होते, आणि खांब तर पन्हळी पत्र्याच्या कठड्यालाही असतात. स्वीडनच्या दोरांच्या रस्त्यांवर दुचाकीस्वारांचे मृत्यू वाढले नाहीत, उलट घटले. तथापि स्वीडनमधल्या दुचाकी किती आणि आपल्या किती! २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. पायी चालणारे १९ टक्क्यांहून अधिक. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा आकडा १५,२२४. समृद्धीवर दुचाकी नाहीत, म्हणून तेथे हा आक्षेप लागू होत नाही. शेलूबाजार-मंगरूळपीर रस्त्यावर तो पूर्णांशाने लागू होतो. आपल्या दुकानातला नोकर रात्री दुकान वाढवून दुचाकीवरूनच घरी जातो. अशा रस्त्यावर कठडा हवाच असेल तर खांबांना आवरण आणि खालच्या अंगाला स्वाराला अडविणारी सलग पट्टी असलेला हवा.

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून कोठे मांडलेली मी वाचली नाही. पण आपल्या समाजाला ती सर्वांत जवळची आहे. भट्टारक पीठांची नगरी कारंजा आणि अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर या दोहोंना जोडणारी वाट शेलूबाजार आणि मालेगाववरून जाते. साधू-साध्वींचा विहार याच रस्त्यांच्या कडेने होतो. चातुर्मास संपला की पहाटेच्या धुक्यात पांढऱ्या वस्त्रांचा किंवा पिंछी-कमंडलूचा तो लहानसा समूह रस्त्याच्या कडेला दिसू लागतो. विहारातील अपघातांच्या वार्ता आपण दरवर्षी ऐकतो. रस्त्याच्या अगदी कडेला सलग कठडा आला आणि चालण्यास बाहेर पाऊलवाट ठेवली नाही, तर चालणारा वाहने आणि कठडा यांच्या चिमटीत सापडतो. अंगावर ट्रक येताना दिसला तरी बाजूला उडी घेण्यास जागा उरत नाही. उलट पाऊलवाट कठड्याला अगदी खेटून असली तरी धोका आहेच. कारण दोर दोन मीटर मागे सरकतो, आणि त्या दोन मीटरांत जो असेल त्याच्यावर सरकतो. म्हणून पाऊलवाट त्यापलीकडे हवी आणि वस्तीपाशी कठड्याला बाहेर पडण्याची फट हवी. विहारात सोबत चालणाऱ्या युवकांनीही हे ध्यानी ठेवावे. दोराला टेकून विश्रांती घेऊ नये, त्यावर वस्त्रे वाळत घालू नयेत.

हेच मोटारीतल्या कुटुंबालाही लागू आहे. गाडी बंद पडली तर धोक्याचे दिवे लावून सर्वांनी, लहान मुलांसह, रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे जावे. मात्र कठड्याजवळ न थांबता चार पावले दूर, आणि गाडीच्या पुढे नव्हे तर वाहने ज्या दिशेने येतात त्या मागच्या बाजूला उभे राहावे. मागून कोणी गाडीवर आदळले तर ती पुढे फेकली जाते.

कठड्याचे आरंभाचे टोक हाही वेगळाच विषय आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्टीत पुढे आलेला होता, हे त्यानंतरच्या तपासणीत नमूद झाले. मागच्या आसनावर बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि तेच दोघे गेले. पुढे बसलेले दोघे वाचले. दोराचा कठडा असो वा भिंतीचा, आतल्या माणसाने स्वतःला आसनाशी बांधून घेतले आहे, हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. आपल्याकडे आजी, आई आणि मुले मागेच बसतात, आणि मागचा पट्टा बहुधा आसनाच्या फटीत दडलेला असतो.

विदर्भापुरते एक कौतुकाचे. मार्च २०२३ मध्ये वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा कठडा बसविण्यात आला. विशिष्ट जातीचा बांबू, त्यावर क्रिओसोटची प्रक्रिया आणि वर पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचा लेप अशी त्याची घडण. इंदूरजवळच्या पीथमपूर येथील चाचणी केंद्रात तो तपासलेला आहे. आपल्या उन्हापावसात तो किती वर्षे टिकतो, ते वणीकरच प्रथम पाहतील.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण न्यायालयाने काय पाहावे, हे त्या कलमात दिले आहे, आणि त्यात एक बाब अशी की रस्त्याची ती स्थिती धोकादायक ठरू शकते हे प्राधिकरणाला माहीत होते का, किंवा माहीत असणे अपेक्षित होते का. व्यापाऱ्याला या वाक्याचा अर्थ चटकन उमजावा. तोंडी सांगितलेले विरून जाते. पोचपावती घेतलेले पत्र ‘माहीत नव्हते’ असे म्हणू देत नाही. आपल्या गावाजवळचा दोर लोंबकळत असेल, खांब उपटलेले असतील, विहाराच्या वाटेवर कठडा चालणाऱ्याला अडवीत असेल, तर किलोमीटर दगडाचा क्रमांक, गेलेल्या खांबांची संख्या, तारीख आणि छायाचित्र यांसह संघाच्या किंवा व्यापारी मंडळाच्या नावाने पत्र द्यावे. समृद्धीसाठी ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे जावयास हवे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तरीही मागोमाग पत्र द्यावेच, आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवावी. एक प्रत आवक क्रमांकाच्या शिक्क्यासह मंदिराच्या किंवा पेढीच्या दप्तरात ठेवावी.