दोन डोक्यांची शेळी

भोकरदनला केळणा नदीच्या काठावर उभं राहून मी एकदा लांबलचक फोटो काढला. डावीकडे गावाची घरं, मधे पात्र, उजवीकडे मका. फोन हळूहळू फिरवला आणि पडद्यावर काय उमटलं असेल? दोन डोक्यांची शेळी! एक डोकं गवतात, दुसरं थेट माझ्याकडे बघतंय, आणि अंग मात्र एकच.

शेळी अगदी साधी होती बरं का. फोटोच एक नव्हता. आपले दोन डोळे मिळून जवळजवळ 200 अंशांचा देखावा पाहतात. फोनच्या नेहमीच्या भिंगात त्याचा निम्मा भागसुद्धा मावत नाही. म्हणून फोन शेजारशेजारचे फोटो काढतो आणि ते जोडतो. पहिल्या फोटोत शेळी चरत होती, पुढचा निघेपर्यंत तिनं मान वर केली, आणि जोड नेमका तिच्यावरच आला.

पण कोणता तुकडा कुठे बसतो हे फोनला कसं कळतं? तुकडे जोडण्याचं असं काम उत्खननातही करावं लागतं. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. इथे 1973 साली उत्खनन झालं होतं. मातीतून खापऱ्या निघाल्या की अभ्यासक काठाला काठ आणि नक्षीला नक्षी जुळवून मडकं उभं करतात. फोटोंचं काम थोडं वेगळं आहे. इथे काठाला काठ लावून भागत नाही, एक फोटो दुसऱ्यावर चढावा लागतो. पहिल्या फोटोच्या उजव्या बाजूचा साधारण तिसरा हिस्सा दुसऱ्याच्या डाव्या बाजूला पुन्हा दिसला पाहिजे. त्या दोनदा दिसणाऱ्या भागातच सगळी गंमत आहे.

एक करून बघा. वहीच्या पानाची सुरळी करा आणि एक डोळा मिटून तिच्यातून निळं आभाळ बघा. आभाळाचा नेमका कुठला भाग दिसतोय, सांगता येईल? नाही ना! आता छपराच्या पत्र्याचा कोपरा बघा. लगेच ओळखलात. फोनही असेच कोपरे, दगड, फांद्यांचे बेचके हेरतो. दोन्ही फोटोंतल्या अशा शेकडो खुणांच्या जोड्या लावतो आणि त्या एकावर एक बसेपर्यंत फोटो वळवतो, ताणतो. फोटो तिरका असो की खूण लहानमोठी दिसो, ती ओळखण्याची एक फार हुशार रीत कॅनडातल्या डेव्हिड लो यांनी 1999 मध्ये मांडली. फार पूर्वी लोक फोटो हातानं जोडत. फेलिचे बिआतो या छायाचित्रकारानं 1858 मध्ये लखनौचे वेगवेगळे फोटो शेजारी लावून अख्ख्या शहराचा पट्टा तयार केला होता.

आता दुसरा प्रयोग. बोट नाकापासून वीतभर लांब स्थिर धरा. एक डोळा मिटा आणि डोकं डावी-उजवीकडे वळवा. बोट मागच्या भिंतीवरून सरकल्यासारखं दिसेल. कारण मान वळली की डोळ्याची जागाही बदलते. हात लांब करून फोन फिरवला की भिंगाचंही तेच होतं. जवळचं कुंपण एकीकडे सरकतं, लांबचा डोंगर जागीच राहतो, आणि जोडात कुंपणाचा खांब तुटतो. यावर मला सर्वांत आवडणारा उपाय गवंड्याच्या ओळंब्याचा. फोनला भिंगाच्या बाजूनं दोरा बांधा, खाली खडा लटकवा आणि जमिनीवर खडूनं फुली मारा. खडा फुलीवरच ठेवायचा आणि आपण फोनभोवती फिरायचं. खांब अखंड येतो!

उजेडही सारखा हवा. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीनं 2019 च्या शेवटी हजाराहून जास्त फोटो काढले. तिला चालवणारी पृथ्वीवरची मंडळी सुटीवर होती, त्यामुळे गाडी एकाच जागी उभी होती. चार दिवस लागले, पण फोटो काढले ते रोज तिथल्या दुपारी बारा ते दोन या वेळेतच, म्हणजे सावल्या फारशा बदलत नाहीत. जोडून झालेल्या चित्रात जवळजवळ 180 कोटी ठिपके आहेत. केवढं हे!

असा जोडलेला फोटो तुम्हीही काढू शकता. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याची लेणी आहेत. वाघूर नदी तिथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणाच्या कड्यात लेणी ओळीनं कोरलेली आहेत. समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरून तो सगळा बाक एका साध्या फोटोत बसवणं अवघड. गेलात तर फोन उभा धरा, डावीकडून सुरुवात करा आणि सहा-सात फोटो एकमेकांवर चढवत काढा. मोठं माणूस सोबत हवंच. आणि फोन डोळ्यांसमोर असताना एकही पाऊल मागे टाकू नका. आधी फोन खाली घ्या, पायाखाली बघा, मगच हला.