कात्रजचे प्राणीरक्षकही महापालिकेचेच

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पुणे महापालिका चालवते. शहरातल्या जुन्या पेशवे पार्क प्राणिसंग्रहालयातले प्राणी 1999 पासून इथल्या सुमारे 130 एकरांत आले. रस्ते झाडणारी, करवसुली करणारी महापालिकाच इथे वाघही सांभाळते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्राणीरक्षकाचे काम पुस्तकातून येत नाही. सफाईआधी वाघाला आतल्या कोठडीत घ्यायचे, सरकता दरवाजा पाडायचा, कडी ओढून पाहायची, आत किती जनावरे आहेत ती मोजायची आणि मगच बाहेरच्या आवारात पाय ठेवायचा. हा क्रम एकदाही चुकता कामा नये. नवा माणूस तो जुन्या रक्षकाच्या मागे उभा राहूनच शिकतो. खाणे शिल्लक राहिले का, विष्ठा नेहमीसारखी आहे का, हेही रक्षकालाच सगळ्यात आधी कळते. डॉक्टरांचा नंबर नंतर.

मार्च 2024 मध्ये एक बिबट्या इथल्या पिंजऱ्यातून निसटला आणि दुसऱ्या दिवशी आवारातच पकडला गेला. अशा वेळी कोणी प्रेक्षकांना बाहेर काढायचे, कोणी फाटके लावायची, बेशुद्धीची बंदूक कोणाच्या हाती, हे सरावाने आधीच ठरलेले लागते.

देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणारे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण रक्षकांच्या प्रशिक्षणालाही मदत करते. पण खरी मेख नेमणुका-बदल्या पाहणाऱ्या महापालिकेच्या आस्थापना विभागात आहे. मुरलेल्या रक्षकाची बदली झाली किंवा कंत्राट संपले, तर प्राण्यांशी असलेली त्याची अनेक वर्षांची ओळख त्याच्याबरोबर जाते. माझ्या मते निवृत्तीआधी वर्षभर तरी त्याच्या हाताखाली नवा माणूस नेमलाच पाहिजे.